न भिजणारा कापूस

तनूनं तो कापूस पहिल्यांदा घरी आणला तेव्हा मी गादी टाचत होते आणि माझ्याबरोबर काम करणारी मंदा समोर बसून उशा भरत होती. आमचं गादीघर म्हणजे घराचीच पुढची खोली. चारी बाजूंनी कापूस, नाकातोंडात कापूस, जेवताना भाजीत कापूस. अशा घरात कोणी बाहेरून मूठभर कापूस घेऊन यावं आणि "आई, गंमत बघ" म्हणावं, म्हणजे कमालच झाली.

तनू माझी एकुलती एक. नागपूरला एका कंपनीत संशोधक होती. नावामागं डॉक्टर लागलं होतं, पण ताप आला तर गोळी मीच द्यायची. तिनं आतून पाण्याची बादली आणली आणि मंदाला म्हणाली, "काकू, हा कापूस भिजवून दाखवा."

"त्यात काय दाखवाचं?" मंदानं कापूस पाण्याखाली दाबून धरला. पाण्यात तो चांदीसारखा चमकायला लागला. हात काढल्याबरोबर वर आला. मंदानं पिळून पाहिला, एक थेंब निघाला नाही. मग गालाला लावून पाहिला. "बाप्पा, कोरडा हाये वो वहिनी. याले काही भूतबित लागलं तं नाई ना?"

तनू पोट धरून हसली. मग खाली बसून तिनं आम्हाला नीट समजावलं. अळूच्या पानावर पाणी टिकत नाही, कारण ते पान गुळगुळीत नसतं. उलट खडबडीत असतं, पण इतकं बारीक खडबडीत की बोटाला कळू नये. त्या बारक्या उंचवट्यांवर मेण असतं आणि उंचवट्यांच्या मधे हवा. थेंब त्या टोकांवर नुसता टेकतो, खाली उतरायला त्याला जागाच नसते, म्हणून तो गोळी होऊन घरंगळतो. तनूच्या लोकांनी वाळूच्या जातीचे कण बनवले होते, केसाच्या जाडीत हजारो मावतील असे. त्या प्रत्येक कणाला मेणासारखं एक शेपूट जोडलं होतं. ते पातळ करून कापसावर फवारायचं. वाळलं की एकेका तंतूवर अळूचं पान तयार.

"मंग वरून काही दिसत काहून नाई?" मी विचारलं.

"ते कण उजेडाच्या लाटेपेक्षाही लहान आहेत, आई. उजेड त्यांना अडखळतच नाही, सरळ पार जातो. म्हणून आपल्याला कापूसच दिसतो."

ते न दिसणंच महत्त्वाचं होतं. कापसाची प्रत आता कॅमेरा ठरवतो. पट्ट्यावरून कापूस सरकतो, रंगात जरा पिवळी झाक दिसली की यंत्र त्याला खालच्या प्रतीत ढकलून देतं, आणि यंत्राशी कोण भांडणार. त्यात अवकाळी पावसाला काही काळवेळच राहिलेली नव्हती. दिवाळीत पाऊस, संक्रांतीत पाऊस. जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापसाच्या गंज्या उघड्यावर पडलेल्या असतात, घराएवढाल्या. ताडपत्री टाकली तर आतून घाम धरतात, नाही टाकली तर भिजून जातात. तनूच्या फवाऱ्यातून हवा जात होती आणि पाणी जात नव्हतं. पुढं कापडाच्या गिरणीत सोड्याच्या गरम पाण्यात तो निघून जायचा, म्हणजे कापड रंगही धरायचं. सगळ्याचा विचार पोरीनं केला होता. कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं. आमच्या तालुक्यात तो अळूफवारा म्हणूनच चालला.

सगळ्याचा विचार म्हणजे, एक गोष्ट सोडून. ती तिच्या बापाच्या लक्षात आली.

तनूचे बाबा, दिवाकर गोहोकार, इथल्या अग्निशमन पथकाचे प्रमुख. पथक म्हणजे काय, एक बॅटरीवरचा टँकर आणि पाचसहा माणसं. त्या टँकरचा ड्रायव्हर मारोती उरकुडे, आमच्या मंदाचा नवरा. दोघं पुरुष टँकरवर आणि दोघी बायका गादीवर, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. मंदाला पोर ना बाळ. तनूला तिनंच अंगाखांद्यावर खेळवली.

त्या दिवशी जेवताना तनूच्या बाबांनी विचारलं, "हा कापूस पेटला तं?"

"कापूस काय, पेटतोच, बाबा."

"पेटते ना. पन आमी पान्यानं विझवतो. हा तं भिजतच नाई म्हनते तू. मंग विझवाचा कसा?"

तनूचा घास हातातच राहिला. कापसाची आग गवताच्या आगीसारखी नसते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. वरची ज्वाळा लवकर विझते, पण आत विस्तव धुमसत राहतो, आणि तो मारायचा तर पाणी गंजीच्या पोटापर्यंत मुरावं लागतं. तनू रात्रीची गाडी पकडून नागपूरला परत गेली. पुन्हा आली ती निळा कॅन घेऊन.

"बाबा, हा साबण. दुधावर साय असते तशी पाण्यावर एक ताणलेली साय असते असं समजा. तिच्यामुळं थेंब गोल राहतो. साबणानं ती साय सैल पडते, मग पाणी त्या टोकांच्या फटींमधून खाली उतरतं."

त्याच बादलीत तिनं साबण घातला आणि तसलाच कापूस टाकला. तो गटागटा पाणी प्यायला आणि बुडाला. तनूच्या बाबांचा जीव भांड्यात पडला. पोरगी हुशार आहे हे त्यांना माहीत होतं, पण आपलं ऐकते, याचं त्यांना जास्त कौतुक होतं.

तेव्हापासून नेमच झाला. फवारलेल्या गंजीला आग लागली की टाकीत आधी साबण. हे काम मारोतीभाऊंचं. कॅन ओतला की ते नळ सोडून तळहातावर पाणी घ्यायचे, खसाखसा चोळायचे आणि तनूच्या बाबांसमोर हात धरायचे. "साहेब, फेस पाहून घ्या." साहेबांनी मान हलवली की मगच टँकर हलायचा. पथकातली पोरं चिडवायची, "मारोतीभाऊ, आग विझवाले चाललो का कपडे धुवाले?" मारोतीभाऊ म्हणायचे, "तुह्यी चड्डी आन, तेबी धुऊन देतो."

दुसरा एक रिवाज त्याच्याही आधीपासूनचा. ज्वाळा विझली, पाणी भरपूर मारून झालं, की एकानं गंजीवर चढायचं, खोऱ्यानं ती उकलायची आणि कोपरापर्यंत हात आत घालून पाहायचं, कुठं ऊब उरली का. तेही मारोतीभाऊच करायचे. अंगानं शिडशिडीत होते, आणि पोराच्या कपाळाला हात लावून आईला ताप कळतो तसा मला विस्तव कळते, असं म्हणायचे.

पहिल्या हंगामात दोनचार गंज्या पेटल्या, साबणानं विझल्या. अवकाळीनं कापूस काही भिजला नाही. गावानं तनूला डोक्यावर घेतलं. बाजार समितीत सत्कार झाला, तिच्या बाबांनी इस्त्रीचा गणवेश घातला आणि पहिल्या रांगेत असे बसले, जसं काही फवारा त्यांनीच शोधला होता. मंदा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "वहिनी, आपली तनू मोठी झाली वो." तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

दुसऱ्या हंगामात नवा फवारा आला. जिनिंगच्या यंत्राचं तेल कापसाला लागायचं, मावा किडीमुळं पडलेला चिकटा लागायचा, आणि त्याचे डाग पडायचे. व्यापाऱ्यांनी ओरड केली. म्हणून मग पाण्यासोबत तेल आणि चिकटाही ढकलून देईल असा फवारा कंपनीनं काढला. तनू त्या वर्षी दिवाळीला आली नाही. फोनवर तिच्या बाबांनी विचारलं, "साबन तोच ना, बेटा?" ती म्हणाली, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते." नंतर काही ती बोलली नाही. आणि आमच्या माणसाचा स्वभाव असा की मोठ्या झालेल्या लेकीला दुसऱ्यांदा विचारायला त्यांना ओशाळं वाटायचं. निळे कॅन कंपनीकडून येतच होते. कॅन तोच आहे म्हणजे साबणही तोच चालतो, असं ते धरून चालले. कोणीही धरलं असतं.

माघाचा महिना होता. दुपारी मी आणि मंदा डबल गादीचे कोपरे शिवत होतो. टँकर रस्त्यानं गेला, आम्ही नेहमीसारखं एकदा वर पाहिलं आणि परत सुई हातात घेतली. जिनिंगकडं धूर दिसत होता, पण तो काही फार मोठा नव्हता. पुढचं मला तनूच्या बाबांनी आणि पथकातल्या पोरांनी सांगितलं.

यंत्रात खडा गेला असेल, ठिणगी उडाली असेल. एका मोठ्या गंजीनं कडेला पेट घेतला होता. टाकीत साबण होता, फेस पाहून झाला होता. पाणी मारलं, ज्वाळा बसली. गंजीच्या सगळ्या बाजूंनी पाणी खळाळून वाहायला लागलं, आवारात घोट्याएवढं साचलं. पोरांना वाटलं, गंजी पोटभर पाणी प्याली आणि आता नको झालेलं बाहेर टाकते आहे. तिनं एक थेंबही घेतला नव्हता. सगळंच्या सगळं वरून घरंगळून खाली आलं होतं. पण पाहायला काय दिसणार. फवारा डोळ्यांना दिसत नाही, आणि गंजी वरून पांढरीशुभ्र, धुतल्यासारखी.

मारोतीभाऊ वर चढले. त्यांनी खोरं घातलं आणि गंजी खचली. आतून ती सगळी पोखरून गेली होती, नुसता निखारा. हवा मिळाल्याबरोबर भडका उडाला. तनूच्या बाबांनी दोर टाकला, स्वतः कमरेपर्यंत आत गेले, हात भाजून घेतले, पण मारोतीभाऊ बाहेर आले तेव्हा त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

निरोप आला तेव्हा मंदाला मी मिठी मारून धरलं होतं. ती रडत नव्हती. "पानी होतं ना वो टाकीत? मंग?" एवढंच पुन्हापुन्हा विचारत होती.

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा माणूस आला. जिनिंगच्या आवारात उभा राहून त्यानं सांगितलं की ड्रायव्हर साबण टाकायला विसरला असणार. आवारात साचलेल्या पाण्यावर फेस आम्ही पाहिला, असं पथकातली पोरं म्हणाली, तर राखेच्या पाण्यालाही फेस येतो म्हणून त्यानं त्यांना गप्प केलं. उरलासुरला कापूस कंपनीनं ट्रकमध्ये भरून नेला. बाकीच्या गंज्यांवर जुनाच फवारा होता, म्हणजे तपासून पाहायला नवा कापूस उरलाच नाही. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर हेच सुरू झालं, की मारोती आपल्याच चुकीनं मेला, आणि जाताजाता जिनिंगचंही नुकसान करून गेला. मंदाच्या घरी बसायला येणारी माणसं येईनाशी झाली. तहसीलदार चौकशी करणार असं जाहीर झालं. टाकीत साबण पडताना जवळून पाहिलेला माणूस एकच होता, तनूचे बाबा. मारोतीभाऊंचं नाव राहायचं की जायचं, ते आता त्यांच्या जिभेवर होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी तनू आली. तोंड उतरलेलं, केस विंचरलेले नाहीत. मी भाकरी टाकत होते. तिचे बाबा पाटावर बसले होते, हाताला पट्ट्या होत्या. ती उभ्यानंच म्हणाली, "बाबा, साबण टाकला होता ना?"

"टाकला होता. फेस माह्या डोयानं पाहिला."

ती भिंतीला टेकून खाली बसली. "मग त्याचा काही उपयोग नव्हता."

मी तवा उतरवला. ती हळू आवाजात बोलत होती, पण मला एकेक शब्द ऐकू आला. पहिल्या फवाऱ्यात नुसती टोकं होती. नव्यात प्रत्येक टोकावर एक छत्री बसवली होती, पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते तशी. कुठलाही थेंब टोकावरून खाली घसरायला लागला की छत्रीच्या काठाखाली अडकतो, त्याला वळून आत जाताच येत नाही. तेल अडकतं, चिकटा अडकतो. साबणाचं पाणीसुद्धा अडकतं.

"हे तुले कधी कळलं?" तिच्या बाबांनी विचारलं.

"चाचणीत. फवारा बाजारात यायच्या आधी." ती जमिनीकडं पाहत होती. "मी वर सांगितलं. ते म्हणाले, वेगळा फेस बनवावा लागेल, पुढच्या हंगामापर्यंत होईल. तोवर हेच कॅन जाऊ दे. आगी काय रोज लागतात, म्हणाले."

"आन तू काय म्हनली?"

"मीही तेच म्हणाले, बाबा."

माझ्यानं राहवलं नाही. "बापाले एक फोन करता येत नव्हता का तुले? आपला बाप त्याच आगीत जाते, एवढंबी नाई आठवलं?"

"आठवलं. रोज आठवायचं." आता ती माझ्याकडं पाहत होती. "पण बाबांना सांगितलं असतं तर बाबांनी सगळ्या जिल्ह्याला सांगितलं असतं. फवारा बंद पडला असता. चार वर्षं मी त्याच्यामागं घालवली, आई. मला वाटलं, एकच हंगाम तर काढायचा आहे."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला पदराखाली घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. ज्या बाईनं तिला न्हाऊमाखू घातलं, तिचंच कुंकू या पोरीनं पुसलं होतं, आणि तरी ती माझी पोरगी होती. तिच्या बाबांनी विचारलं, खरं बाहेर आलं तर तुझं काय होईल. ती म्हणाली, चाचणी माझ्या नावावर आहे, कंपनी हात वर करेल, सगळं माझ्यावर येईल.

"तुरुंग?"

"हो."

मग तनू उठली. "मी तुम्हाला हे सांगा, ते सांगा, असं काही म्हणणार नाही, बाबा. तुम्हीच ठरवा." आणि आतल्या खोलीत जाऊन पडली.

हे मला मुळीच आवडलं नाही. चूक हिची, आणि ओझं त्या भाजलेल्या हातांवर टाकून ही मोकळी. संध्याकाळी तनूचे बाबा अंगणात नुसते बसून होते. मी चहा नेला आणि विचारलं, "उद्या काय सांगता?"

"जे हाये ते."

मला बरं वाटलं आणि तनूची भीतीही वाटली.

सकाळी मी मंदाकडं गेले. ती चुलीपुढं बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. मला पाहून म्हणाली, "वहिनी, लोक म्हनतात तो साबन टाकाले इसरला. वीस वर्षं माह्या हातचा डबा नाई इसरला तो, आन साबन इसरन का?"

मी तिला सगळं सांगितलं. साबण टाकला होता, तनूच्या बाबांनी पाहिला. नव्या फवाऱ्यावर साबण चालत नाही. आणि ते तनूला माहीत होतं. तेही मी लपवलं नाही. तिनं मला घरातून हाकलून दिली असती तरी मी उंबऱ्यावर बसून राहिले असते.

मंदानं चुलीतली गार राख काडीनं उकरली. मग म्हणाली, "हे मले काहून सांगितलं? तुमची पोरगी हाये ते."

"तुहा नवरा गेला. तुले माहीत असाले पायजे."

"मी नाई बोलनार कुठं," ती म्हणाली. "माह्यं कोन ऐकते. भाऊजी सांगतीन. त्यायच्या शब्दाले वजन हाये." मग तोंडावर पाणी मारून माझ्यासोबत निघाली. वाटेत ती एकदाच बोलली, "तनूले जास्त तरास नाई ना होनार?" मी तिचा हात धरला.

तहसीलच्या सभागृहात अर्धा गाव आलं होतं. मी आणि मंदा मधल्या रांगेत बसलो, तिचा हात माझ्या हातात होता. कंपनीचा वकील पुढं, आणि त्याच्या मागं तनू, मान खाली घालून. तनूच्या बाबांना बोलावलं. त्यांनी गणवेश घातला होता. सत्काराला घातला होता तोच.

तहसीलदारांनी आग किती वाजता लागली, किती पाणी मारलं, हे सगळं विचारलं. त्याची उत्तरं त्यांनी खडखडीत आवाजात दिली. मग तहसीलदार म्हणाले, "टाकीत साबण टाकला होता का?"

तनूच्या बाबांनी आमच्याकडं पाहिलं नाही. ते तनूकडं पाहत होते. तनूनं मान वर केली नव्हती. पण तिच्या मानेवरचं ते बारीक हाड मला इथून दिसत होतं, तर त्यांना दिसलंच असणार.

"नाही, साहेब."

"कोणाचं काम होतं ते?"

"मारोती उरकुडेचं. घाई झाली. विसरला तो."

मंदानं हात ओढून घेतला नाही. तो माझ्या हातात तसाच राहिला, फक्त त्यात जीव राहिला नाही. मला माझ्या नवऱ्याची किळस आली. आणि खोटं कशाला सांगू, त्याच वेळी माझी पोरगी वाचली म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं आणि मंदाकडं पाहायची माझी छाती झाली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "पाह्य, आमी म्हनत नव्हतो?"

वकील कागद गोळा करायला लागला. तहसीलदार बाजूच्या कारकुनाला काही सांगत होते, आणि तनू उभी राहिली.

"साहेब, साबण होता."

"तुम्हाला बोलावलं जाईल तेव्हा बोला. बसा."

"साबण होता," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "बाबा खोटं बोलले. माझ्यासाठी बोलले. त्या साबणानं नवा कापूस भिजतच नाही. चाचणी मी केली होती, मला माहीत होतं, कंपनीलाही माहीत होतं. मारोतीकाका काही विसरले नाहीत."

"तनू, खाली बस," तिचे बाबा म्हणाले. घरात म्हणतात तसं, जसं काही आम्ही तिघं जेवायला बसलो आहोत. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती तहसीलदारांसमोर गेली आणि छत्री, टोकं, साय, सगळं पुन्हा सांगायला लागली, मला आणि मंदाला त्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं तितक्याच निगुतीनं. तनूचे बाबा साक्षीच्या जागी तसेच उभे होते. त्यांना जा म्हणायचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाहेर पोलिसांची गाडी आली होती. तनूला जबाबासाठी नेत होते. जाताना ती मंदासमोर थांबली आणि पायाशी वाकली. मंदानं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण पायही मागं घेतले नाहीत. तनू गाडीत जाऊन बसली.

मग तनूचे बाबा आले. टोपी हातात होती, पट्ट्या सुटून लोंबत होत्या. सगळं गाव पाहत होतं. त्यांनी मंदापुढं हात जोडले.

"हात नका जोडू, भाऊजी," मंदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमी बाप हाये, मले समजते. माह्यी पोरगी असती तं मीबी असंच बोलली असती." ती थोडं थांबली. "पन त्याच्यासाठी बोलनारं तुमच्याबिगर कोनी नव्हतं."

तनूच्या बाबांचे हात तसेच जोडलेले राहिले. मंदा वळली आणि फाटकाकडं चालायला लागली. मी तिच्यामागं धावले, तिचा दंड धरला आणि म्हणाले, थांब, मी येते, मी तुझ्याजवळ राहते. तिनं माझा हात हळूच सोडवला.

"तुमी घरी जा, वहिनी," ती म्हणाली. "तुमचे दोघंबी अजून जित्ते हायेत."

आणि ती एकटीच घराच्या रस्त्याला लागली. मी फाटकाशी उभी राहिले. मागं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तरी मी वळून पाहिलं नाही.